ठासणीची बंदूक, ससा आणि दोन कायदे

कोकणात ‘शेतीसंरक्षणाची बंदूक’ म्हणजे बहुतेक घरांत ठासणीचीच, नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची. एक नळी, एक घोडा, काळी दारू, छर्रे आणि टोपी (घोडा आपटताच ठिणगी देणारी, स्फोटक भरलेली धातूची वाटी). परवाना निघतो रानडुकराच्या नावाने. प्रत्यक्षात ही बंदूक तीस-चाळीस पावलांवर भरवशाने काय पाडते, तर ससा, फार तर रानकोंबडा. डुक्कर छऱ्यांना दाद देत नाही, आणि जखमी होऊन अंगावर आला तर दुसरा बार भरायला सवड नसते. थोडक्यात, डुकरासाठी दिलेल्या बंदुकीने मरतो ससा, आणि ससा मारला की गुन्हा दाखल होतो.

जुना इतिहास फार लांबवण्यात अर्थ नाही. तोड्याच्या बंदुका सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर किनाऱ्यावर आल्या, मागून चकमकीच्या, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या आसपास टोपीच्या. कोकणच्या हवेत टोपीने मोठीच सोय केली. तोडा, म्हणजे वात, पेटता ठेवायला नको आणि रंजक (बार पेटवायची उघडी दारू) भिजण्याची धास्ती नको. तिथून पुढे यंत्र म्हणून ही बंदूक फारशी बदललेली नाही. बदलत गेले ते तिच्याभोवतीचे कायदे.

१८५७ नंतरच्या धास्तीतून १८७८ चा शस्त्र कायदा आला. परवान्याशिवाय शस्त्र बाळगता येईना. युरोपीय लोकांना मात्र सूट होती. रानालगतच्या शेतकऱ्याला पुरते निःशस्त्र करणे तेव्हाच्या सरकारला परवडणारे नव्हते, कारण पीक गेले तर सारा कुठून येणार? तेव्हापासून सरकारी विचाराची एक ठरावीक चाल दिसते: शेतकऱ्याच्या हातात बंदूक असावी, पण चांगली बंदूक नसावी.

हे वाक्य कुणाला चढ्या आवाजाचे वाटेल. त्यांनी स्वातंत्र्यानंतरचा, १९५९ चा शस्त्र कायदा उघडून पाहावा. कलम १३ च्या तिसऱ्या पोटकलमात दोन रांगा आहेत. पहिल्या रांगेतल्या अर्जदाराला परवाना द्यायचा असतो. दुसऱ्या रांगेतल्याला ‘सबळ कारण’ दाखवून अधिकाऱ्याची खात्री पटवावी लागते. पहिल्या रांगेत काय येते, तर संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत बंदूक, आणि खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक. लगेच पुढे परंतुक आहे: ठासणीची बंदूक पुरेशी पडणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली, तरच शेतकऱ्याला दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येईल. स्वतःच्या रक्षणासाठी किंवा खेळासाठी मागणाऱ्याला काडतुसाची बंदूक सरळ मागता येते. पिकासाठी मागणाऱ्याने आधी ठासणीची अपुरी आहे हे पटवून द्यायचे.

अपुरी म्हणजे किती, हे बार भरताना कळते. बंदूक उभी धरून नळीत दारू मापाने ओतायची. वर काथ्याचा किंवा चिंधीचा बोळा, तो गजाने ठासायचा. मग छर्रे आणि ते घरंगळू नयेत म्हणून पुन्हा बोळा, पुन्हा गज. घोडा अर्धा ओढून नळीच्या बुडाशी असलेल्या निपलवर टोपी बसवायची. सरावाचा माणूसही यात मिनिटभर गुंततो, तेवढ्यात डुकरांचा कळप भातातून निघून काजूच्या बागेत गेलेला असतो. बार उडाला की पांढऱ्या धुराचा लोट समोर उभा राहतो आणि लागले की नाही हे वाकून, धुराखालून बघावे लागते. सोरा, कोळसा आणि गंधक (साधारण ७५, १५ आणि १० या प्रमाणात) जळल्यावर नळीत जी काजळी उरते ती हवेतले पाणी ओढते आणि लोखंड खाते. म्हणून त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुऊन, कोरडी करून, तेलाचा बोळा फिरवायचा. पावसाळ्यात हे एकदा जरी राहिले तरी नळीला आतून खड्डे पडू लागतात. आजोबांच्या वेळची बंदूक अजून चालते असे जिथे सांगतात, तिथे कुणीतरी वर्षानुवर्षे ही धुण्याची शिस्त पाळलेली असते.

आता दुसरा कायदा. १९१२ च्या वन्यपक्षी व प्राणी संरक्षण कायद्याने काही पक्ष्यांना आणि प्राण्यांना बंदीचा हंगाम लावायची सोय केली होती. त्यात एक स्पष्ट अपवाद होता: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाच्या रक्षणासाठी, तसेच मालमत्तेच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी जनावर मारले तर कायदा लागू नाही. उभे पीक ही मालमत्ताच. बंदुकीचा कायदा आणि जनावरांचा कायदा तेव्हा निदान एका भाषेत बोलत होते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हा अपवाद अर्धाच उरला. कलम ११ मध्ये जिवाच्या रक्षणासाठी, सद्भावनेने केलेली हत्या गुन्हा नाही असे आहे. मालमत्ता त्या वाक्यातून गळली. ती दुसरीकडे आली, पण परवानगीच्या रूपाने. मालमत्तेला, त्यात ‘कोणत्याही जमिनीवरील उभे पीक’ असे शब्द आहेत, धोका असणारे जनावर मारण्याचा लेखी आदेश मुख्य वन्यजीव रक्षकाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने काढायचा. कारणेही लेखी द्यायची. जे काम शेतकरी आधी करून मग गरज पडल्यास बचाव मांडत असे, त्यासाठी आता आधी कागद लागू लागला. रात्री दोन वाजता भातात शिरलेल्या कळपाला या कागदाची वाट पाहायला कोण सांगणार?

हा बदल चुकीचा होता का, यावर अजून एकमत नाही. संरक्षणाच्या बाजूचे म्हणणे हलके नाही: ‘मालमत्तेचे रक्षण’ या पळवाटेतून साठ वर्षे बिनबोभाट शिकार झाली, आणि ज्याच्याकडे बंदूक आहे त्याच्याच शब्दावर ‘पीक खात होते’ हे ठरत असेल तर कायदा कागदावरच राहतो. हे खरे आहे. पण मग त्याच वेळी १९५९ चे कलम १३ बदलायला हवे होते. ते जसेच्या तसे राहिले. एक खाते पीक राखायला बंदूक देत राहिले, दुसरे खाते तीच बंदूक पिकात वापरली म्हणून पंचनामा करू लागले. परवाना हातात असलेल्या माणसाला या दोन खात्यांमधला फरक क्वचितच कुणी समजावून सांगितला असेल.

सशाची गोष्ट याहून चमत्कारिक. १९७२ च्या मूळ कायद्यात शिकार पूर्ण बंद नव्हती. मोठी शिकार, छोटी शिकार असे परवान्यांचे प्रकार होते आणि चौथी अनुसूची (कायद्याला जोडलेली प्राण्यांची यादी) छोट्या शिकारीचीच होती; त्यात ससा होता, तित्तर-लावे होते. रानडुक्कर तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे मोठ्या शिकारीत. तेव्हा ठासणीच्या बंदुकीला तिच्या ताकदीचे काम कायद्याने मिळण्याची वाट होती. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने संपले. कलम ९ चा मथळाच शिकारबंदीचा झाला आणि पहिल्या चारही अनुसूचींतली जनावरे सारखीच निषिद्ध ठरली. उरली ती कलम ११ ची खिडकी, आणि सशासाठी कुणी लेखी आदेश मागायला जात नाही. चवळी, भुईमूग, नाचणीचे कोवळे कोंब ससा खातो, पण त्याचे नुकसान एका रात्रीत डोळ्यांत भरत नाही.

डुकराबाबत राज्याने २०१५ मध्ये थोडी ढील दिली. पिकाची नासधूस करणारे रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्यासाठी परवानगीचा अधिकार खालच्या पातळीवर आणला गेला. रोही कोकणात नाहीच. तो विदर्भ-मराठवाड्याचा प्रश्न. कोकणाला त्यातून डुकरापुरती वाट मिळाली, आणि तीही अशा बंदुकीसाठी जी डुकराला पुरत नाही. केरळने २०२२ मध्ये डुकराबाबतचे हे अधिकार थेट ग्रामपंचायतींकडे दिले. आपल्याकडे ते वनखात्याकडेच आहेत. माकडे आणि वानर हा बागायतदाराचा रोजचा त्रास, पण तिथे कायद्याआधी गावचा मारुती आडवा येतो. गवा तर पहिल्याच अनुसूचीत. त्याच्यासमोर ठासणीचा बार म्हणजे त्याला नुसते डिवचणे.

मांसाचा मुद्दा सरकारी कागदांत एका ओळीत संपतो, गावात संपत नाही. वन्यजीव कायद्याच्या कलम ३९ नुसार परवानगीने मारलेले जनावरही सरकारची मालमत्ता. पूर्वी डुक्कर पडले की वाटे पडत: ज्याचा बार त्याचा, हाकाऱ्यांचे, ज्याच्या शेतात पडले त्याचा. आता परवानगी घेऊन मारा आणि वनखात्याच्या स्वाधीन करा. बिनपरवाना मारले तर गुपचूप वाटे तरी पडतात. जो नियम प्रामाणिक माणसाला रिकाम्या हाताने घरी पाठवतो, तो पाळला जात नाही म्हणून आश्चर्य वाटायला नको.

इथे अमेरिकेशी तुलना हटकून होते. तिथे टोपीच्या, काळ्या दारूच्या रिव्हॉल्वरने खारी आणि ससे मारणारे हौशी लोक आहेत. १८५१ च्या कोल्ट रिव्हॉल्वरच्या धर्तीची, ३६ कॅलिबरची, शिशाची गोल गोळी मारणारी प्रतिकृती त्यांच्यात लोकप्रिय आहे. १९६८ च्या तिथल्या संघीय कायद्याने टोपीवर चालणारी जुनी हत्यारे आणि त्यांच्या प्रतिकृती आधुनिक बंदुकांच्या व्याख्येतून वगळल्या. शिकारीत त्या चालतील की नाही हे प्रत्येक राज्य आपापले ठरवते. आपल्याकडे दारू तीच, टोपी तीच, पण रिव्हॉल्वर शस्त्र कायद्याच्या कलम १३ च्या दुसऱ्या रांगेत जाते, ‘सबळ कारण’वाल्या. जुन्या धर्तीच्या हत्याराला कलम ४५ मध्ये सूट आहे खरी, पण ते दुरुस्त करूनही उडवता येणार नसेल तरच. सहा बार भरून ठेवता येणारे हत्यार आणि एक बार भरणारे हत्यार यांत आपला कायदा जो भेद करतो, तो १८७८ च्या मनाशी सुसंगतच आहे.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत परवानाधारकांची सर्वांत मोठी कुरकुर शिकारीबद्दल नाही, निवडणुकीबद्दल आहे. आचारसंहिता लागली की बंदूक ठाण्यात जमा. विधानसभेचे मतदान २००९ मध्ये १३ ऑक्टोबरला झाले, २०१४ मध्ये १५ ला, २०१९ मध्ये २१ ला. म्हणजे भात पिकून उभे असताना किंवा कापणी चालू असताना. २००९ मध्ये उच्च न्यायालयाने सरसकट जमा करून घेण्याच्या पद्धतीवर बोट ठेवले. कुणाचे हत्यार घ्यायचे हे समितीने छाननी करून ठरवावे, असे ठरले. कागदोपत्री पद्धत बदलली. तरी पोलीस पाटलाकडून निरोप येतो तो बहुतेक सगळ्यांनाच येतो, आणि ठाण्याशी वाद घालण्यापेक्षा बंदूक नेऊन ठेवलेली बरी, असे लोक म्हणतात.

शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाच्या नावावरची हत्यारे तीनवरून दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीनची पाच वर्षे झाली. वन्यजीव कायद्याची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. सहा अनुसूचींच्या चार झाल्या, उपद्रवी प्राण्यांची स्वतंत्र यादी गेली, आणि रानडुक्कर व ससा एकाच, दुसऱ्या अनुसूचीत येऊन बसले. कलम १३ मधली ठासणीची बंदूक यांपैकी कोणत्याही दुरुस्तीने हललेली नाही.