उपनगरी सार्वजनिक हायस्कूल (अमेरिका)

अमेरिकेतील शहरांलगतच्या वस्त्यांमधली, नववी ते बारावीच्या म्हणजे साधारण १४ ते १८ वयाच्या मुलामुलींची सरकारी शाळा. शिक्षण विनाशुल्क असते आणि प्रवेश गुणांवर नव्हे, तर राहत्या पत्त्यावर मिळतो. नियम राज्यागणिक बदलतात. ही नोंद मुख्यतः न्यू जर्सीबद्दल आहे. तिथल्या एडिसनमध्ये भारतीय वंशाची वस्ती मोठी आहे. गावात एडिसन आणि जे. पी. स्टीव्हन्स अशी दोन हायस्कुले एकाच स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे शाळा चालवणाऱ्या स्थानिक प्रशासनाच्या, अखत्यारीत आहेत आणि घर कुठल्या भागात आहे यावर मुलाची शाळा ठरते.

शाळेच्या खर्चाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता करातून येतो. त्यामुळे जिथे घरे महाग तिथे शाळा संपन्न, हे समीकरण देशभर दिसते. १९७३ साली सॅन अँटोनियो विरुद्ध रॉड्रिगेझ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य नसल्याचे ठरवले. त्याच वर्षी न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र रॉबिन्सन विरुद्ध केहिल खटल्यात त्या राज्याच्या स्वतःच्या घटनेच्या आधारे उलट निकाल दिला आणि राज्याला गरीब डिस्ट्रिक्टांसाठी हात सैल करावा लागला. फी नसली, तरी या शिक्षणाची किंमत पालक घरभाड्यात आणि करात मोजतातच.

वर्ष किमान १८० दिवसांचे. दिवसाला चाळीसेक मिनिटांचे आठ तास, किंवा सुमारे ८० मिनिटांचे चार तास दिवसाआड, अशा दोन्ही पद्धती आहेत. वर्गाला ठरलेली खोली नसते. घंटा झाली की मुले चार-पाच मिनिटांत पुढच्या विषयाच्या खोलीत जातात. एकाच वर्गात नववीचा आणि अकरावीचा विद्यार्थी शेजारी बसलेले असतात, कारण हिशोब इयत्तेचा नसून क्रेडिटचा, म्हणजे विषय पूर्ण केल्यावर जमा होणाऱ्या एककांचा, असतो.

न्यू जर्सीत पूर्ण वर्षाच्या विषयाला ५ क्रेडिट मिळतात, अर्ध्या वर्षाच्या विषयाला २.५, आणि डिप्लोमासाठी, म्हणजे हायस्कूल पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्रासाठी, किमान १२० लागतात. इंग्रजीची २०, गणित, विज्ञान व सामाजिक शास्त्रांची प्रत्येकी १५, आरोग्य व शारीरिक शिक्षणाची दरवर्षी ३.७५, परकीय भाषा, कला आणि व्यवसायाभिमुख विषयांची प्रत्येकी ५, आर्थिक साक्षरतेची २.५. ही बेरीज ९७.५ होते. उरलेली २२.५ मुलाच्या पसंतीची, आणि ओढाताण तिथेच होते. ज्या विषयाची शाळेत एकच तुकडी असते तो एकाच तासाला शिकवला जातो. ऑर्केस्ट्रा आणि वरच्या पातळीचे संगणकशास्त्र त्याच तासाला आले, तर एकावर पाणी सोडावे लागते. पुढच्या वर्षाच्या विषयांची निवड जानेवारी ते मार्चमध्ये करायची असते. उशिरा अर्ज देणाऱ्याच्या वाट्याला उरलेले विषय येतात. सल्ल्यासाठी प्रत्येक मुलाला एक कौन्सेलर नेमलेला असतो. एका कौन्सेलरमागे २५० विद्यार्थी असावेत अशी त्यांच्या व्यावसायिक संघटनेची शिफारस आहे. बहुतेक ठिकाणी ते जास्तच असतात. म्हणून भेटीची वेळ आपण मागून घ्यावी, बोलावण्याची वाट पाहू नये.

गणिताची शिडी मात्र हायस्कूलच्या आधीच लागलेली असते. आठवीत अल्जेब्रा १ झालेली मुलगी नववीत जॉमेट्री, दहावीत अल्जेब्रा २, अकरावीत प्रीकॅल्क्युलस करून बारावीत एपी (अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या) कॅल्क्युलसला पोहोचते. नववीत अल्जेब्रा १ घेणाऱ्याला तिथे पोहोचायचे, तर एका वर्षी दोन गणिते किंवा उन्हाळी वर्ग करावा लागतो. जॉमेट्री उन्हाळ्यात उरकणे त्यातल्या त्यात निभते. अल्जेब्रा २ घाईने केले, की पुढे डेरिव्हेटिव्ह बरोबर काढूनही अपूर्णांकी घातांक सोडवताना उत्तर चुकते.

विषय साधा, ऑनर्स (त्याहून कठीण) आणि एपी अशा पातळ्यांवर शिकवला जातो. एपीचा अभ्यासक्रम कॉलेज बोर्ड या संस्थेचा. मे महिन्यात परीक्षा, गुण १ ते ५. वर्गातली श्रेणी आणि हे गुण यांचा परस्परांशी संबंध नाही, हे नवख्या पालकांच्या लवकर लक्षात येत नाही: वर्गात ए मिळवून परीक्षेत २ येऊ शकतात. जीपीएमध्ये, म्हणजे सगळ्या श्रेणींच्या सरासरीत, ए म्हणजे ४, बी ३, सी २, डी १. वजन दिलेल्या जीपीएत ऑनर्सला साधारण अर्धा आणि एपीला एक गुण वाढवून देतात. नेमके प्रमाण डिस्ट्रिक्ट ठरवते. त्या हिशोबाने एपी केमिस्ट्रीतला बी आणि साध्या केमिस्ट्रीतला ए सारखेच ठरतात. वजनाविना त्यांत एका गुणाचा फरक राहतो. अनेक कॉलेजे स्वतःच्या पद्धतीने पुन्हा आकडेमोड करतात, त्यामुळे दशांशासाठी जीव टाकण्यात अर्थ नाही.

दुपारी शेवटची घंटा झाल्यावर शाळेचा दुसरा अर्धा भाग सुरू होतो. खेळांचे तीन हंगाम असतात: शरदात फुटबॉल (अमेरिकन), सॉकर (आपला फुटबॉल) आणि मुलींचे टेनिस, हिवाळ्यात बास्केटबॉल, पोहणे, कुस्ती, वसंतात बेसबॉल, ट्रॅक आणि मुलांचे टेनिस. खेळायचे, तर डॉक्टरांच्या तपासणीचा वर्षभरातला फॉर्म लागतो आणि आदल्या वर्षात ३० क्रेडिट मिळवलेली असावी लागतात. वसंतातल्या खेळांसाठी आदल्या सहामाहीची १५ चालतात. फॉर्म मुदतीत न दिल्याने निवड चाचणी हुकणे हे नेहमीचेच.

मैदानावर चालत वाद्ये वाजवणारा मार्चिंग बँड बाहेरून करमणूक वाटतो, पण इतकी काटेकोर सांघिक शिस्त शाळेत दुसरीकडे क्वचितच सापडेल. ऑगस्टमध्ये बँड कॅम्प भरतो आणि आधी चालणे शिकवले जाते. फुटबॉलच्या मैदानावर दर ५ यार्डांवर पांढरी रेघ असते. तेवढ्या अंतरात बरोबर ८ पावले बसवायची, म्हणजे एक पाऊल २२.५ इंचांचे. कुठल्या ठोक्याला कुठल्या रेघेपासून किती पावलांवर उभे राहायचे, याचा तक्ता प्रत्येकाकडे असतो. खाली रेघा बघत चालले की मान आणि वाद्य दोन्ही झुकतात आणि आवाज प्रेक्षकांकडे जायचा तो गवतात जातो. दुसरी अडचण ध्वनीच्या वेगाची. मैदानाची रुंदी सुमारे ४९ मीटर. मागच्या कडेचा आवाज पुढे यायला साधारण ०.१४ सेकंद लागतात. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत हा पाव ठोक्याहून जास्त फरक झाला. म्हणून मागच्या ड्रमवाल्यांनी ड्रम मेजरच्या (बँडला ताल दाखवणाऱ्या विद्यार्थ्याच्या) हातांवर नजर ठेवायची आणि पुढच्यांनी मागून येणारा ताल ऐकून वाजवायचे. मागचे पुढच्यांचा आवाज ऐकून वाजवू लागले, की प्रेक्षकांना एकच धून दोनदा ऐकू येते.

क्लब डझनांनी असतात. सायन्स ऑलिम्पियाड या विज्ञानाच्या सांघिक स्पर्धेच्या संघात १५ जण आणि त्यांत बारावीचे जास्तीत जास्त ७, त्यामुळे खालच्या इयत्तांना जागा राहतेच. दहा क्लबांत नाव आणि एकातही काम नाही, ही सर्रास होणारी चूक. कॉमन अॅपवर, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या सामायिक प्रवेश अर्जावर, १० उपक्रमांची जागा असते आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरे; ‘सदस्य’ याखेरीज लिहिण्यासारखे नसेल, तर ती जागा वायाच जाते.

भारतातून दहावीनंतर येणाऱ्या मुलांनी नववी आणि दहावी दोन्हींच्या गुणपत्रिका, लसीकरणाची नोंद आणि पत्त्याचे पुरावे सोबत आणावेत. गणित-विज्ञानाची क्रेडिट सहसा मान्य होतात. अडते ते अमेरिकेच्या इतिहासाच्या दोन वर्षांवर, कारण ती अकरावी-बारावीतच बसवावी लागतात. परकीय भाषेची अट प्रावीण्य दाखवूनही पुरी करता येते, आणि डिप्लोमावर उमटणारा द्वैभाषिकतेचा शिक्का म्हणजे सील ऑफ बायलिटरसी मराठीच्या परीक्षेवरही मिळवता येतो. घरी मराठी नुसती बोलता येऊन भागत नाही, वाचता-लिहिताही यावी लागते. रविवारच्या मराठी शाळा इथे खरोखर उपयोगी पडतात. नाताळच्या सुट्टीला दोन आठवडे जोडून भारतात जाण्याची मुभा मात्र गृहीत धरू नये. १८० पैकी १८ दिवस बुडाले, की मुलाची नोंद दीर्घ गैरहजेरीत होते आणि काही डिस्ट्रिक्ट क्रेडिटही रोखतात.

कॉलेजच्या अर्जाला लागणाऱ्या शिफारसपत्रासाठी शिक्षकांना अकरावीच्या वसंतातच विचारून ठेवतात. लवकरच्या अर्जांची मुदत बहुधा १ नोव्हेंबर, नेहमीच्या अर्जांची १ जानेवारीच्या आसपास. प्रवेश पक्का झाल्यावरही शाळा जूनमध्ये अंतिम ट्रान्सक्रिप्ट (श्रेणीपत्रक) कॉलेजला पाठवते, आणि बारावीच्या उत्तरार्धात ए-बीचे डी-एफ (एफ म्हणजे नापास) झाले, तर कॉलेज दिलेला प्रवेश रद्द करू शकते.