खडकीच्या लिलावात थ्री नॉट थ्री मिळते म्हणे!

दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी ठोकतंच, की आर्मीच्या जुन्या थ्री नॉट थ्री, म्हणजे .303 बोअरच्या (नळीच्या मापाच्या) रायफली, खडकीत लिलावात स्वस्तात निघतात, लायसन्स असलं की घ्यायची नि नेमबाजी सुरू. नाही हो, असं काही नसतं. हे मूळ बहुधा अमेरिकेतलं, तिकडे सीएमपी नावाची संस्था सैन्याच्या जुन्या एम-वन गॅरंड रायफली सामान्य लोकांना खरंच विकते, व्हिडिओ बघून आपल्याकडे त्याला खडकीचा पत्ता चिकटला असावा. आपल्याकडे .303 प्रोहिबिटेड बोअरमध्ये, म्हणजे सामान्य माणसाला मनाई असलेल्या मापात येते, आणि पुण्याच्या पोलीस आयुक्तांकडून मिळणाऱ्या साध्या लायसन्सवर ती बसतच नाही, त्याला केंद्राच्या गृहखात्याची परवानगी लागते.

बरं, मिळाली असती तरी करणार काय तिचं? नेमबाज स्वप्निल कुसाळेने 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ आणलं ते 50 मीटरवर, .22 रायफलने, आणि ती गोळी .303 पुढे अगदीच चिमुकली. 10 मीटरला तर .177 ची एअर रायफल, छर्र्याची. जुन्या लष्करी बंदुकीचा दणका खांद्याला बसतो तो वेगळाच, ऑलिंपिकच्या नेमबाजीत तिला जागाच नाही. ज्याला खरंच शिकायचंय त्याने बालेवाडीच्या शूटिंग रेंजवर जाऊन एअर रायफलपासून सुरुवात करावी, आणि ‘ओळखीतून काढून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नये, कारण विनापरवाना सापडलात तर थेट आर्म्स ॲक्ट लागतो.