सातारा-सांगलीत मुलांना डायनासोर आणि जीवाश्म शिकवणं

डायनासोर, जीवाश्म (म्हणजे फॉसिल) आणि माणूस यायच्या आधीची जीवसृष्टी यांची मुलांना शाळेत, घरी किंवा सुट्टीतल्या शिबिरात ओळख करून देणं, याबद्दलची ही नोंद आहे, आणि ती मुद्दाम सातारा-सांगलीपुरती ठेवलीय. कारण इथल्या दगडात डायनासोरची हाडं मिळत नाहीत, पण तो दगड मात्र डायनासोर संपले त्याच काळातला आहे. माझ्या मते इथं शिकवायची सुरुवात प्लास्टिकच्या टी-रेक्सपासून न करता या काळ्या दगडापासूनच करावी.

अख्खा सातारा जिल्हा आणि सांगलीचा बहुतेक भाग बेसॉल्टवर, म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेल्या काळ्या दगडावर बसलाय. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, एकावर एक थर साचत गेले, आज उरलेलं हे क्षेत्र जवळपास 5 लाख चौरस किलोमीटर भरतं. अजिंक्यतारा किंवा सज्जनगड लांबून बघितला तर डोंगराला पायऱ्या पाडल्यासारख्या दिसतात ना, ते हेच थर. खंबाटकीसारख्या घाटात रस्त्यासाठी कापलेल्या कड्यात मधेच तांबडा पट्टा दिसतो, एक थर थंड झाला, त्याच्यावर माती तयार झाली, मग नवीन लाव्हा आला आणि ती माती भाजून निघाली. हा पट्टा मुलांना दाखवला की उद्रेक सलग चालू नव्हते, मधे बराच काळ शांतता होती हे वेगळं सांगावं लागत नाही.

मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला, "सर, आपल्या गावात होते का डायनासोर?" नुसतं नाही म्हणून मोकळं होऊ नये. त्या काळी भारत आशियाला चिकटलेलाच नव्हता, विषुववृत्ताच्या दक्षिणेला समुद्रात एकटा वर सरकत होता, आणि त्याच्यावर डायनासोर हिंडत होते हे नक्की. पण हाडाचं जीवाश्म व्हायला ते गाळात, चिखलात पटकन गाडलं जावं लागतं, हजार अंशाच्या पुढच्या लाव्ह्यात काय टिकणार. मग पुढचा प्रश्न येतो की लाव्ह्याच्या खाली खोदलं तर? तेही झालंय, आपल्याच पाटण तालुक्यात. कोयनेचे भूकंप अभ्यासायला गोठणे इथं 3 किलोमीटर खोल बोअर घेतलं, ते 2017 साली पूर्ण झालं, त्या कामाची प्रयोगशाळा कराडजवळ हजारमाचीला आहे. सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसॉल्ट संपला आणि थेट ग्रॅनाइटसारखा फार जुना खडक लागला, मधे हाडं सापडतील असा गाळाचा थरच नाही. 1967 च्या कोयना भूकंपाची गोष्ट इथल्या पोरांनी आजी-आजोबांकडून ऐकलेली असते, त्यामुळं हे बोअरचं प्रकरण ती कान देऊन ऐकतात.

महाराष्ट्रात हाडं आहेत ती विदर्भात. चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला सापडलेल्या लांब मानेच्या डायनासोरचं नाव आयसीसॉरस, कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून ठेवलेलं. तिथल्याच पिसदुऱ्याला दगड झालेलं शेण मिळालं आणि त्याच्यात गवताचे सूक्ष्म कण निघाले, हे संशोधन 2005 साली आलं. तोपर्यंत गवत डायनासोरनंतर आलं असंच धरून चालले होते. सांगलीकडं हे सांगताना एक गोष्ट जोडायचीच, ऊस हेही गवतच आहे. शेण म्हटल्यावर वर्ग आधी हसतो, पण दुसरी-तिसरीच्या पोरांच्यासुद्धा हे जन्मभर लक्षात राहील असं मला वाटतं. मांस खाणारा आपला डायनासोर म्हणजे राजासॉरस, गुजरातमधल्या रैयोलीचा, डोक्यावर बुटकं शिंग असलेला, त्याचं नामकरण 2003 चं. टी-रेक्स उत्तर अमेरिकेतला, तो इकडं कधीच नव्हता. आणि मुंबईत वरळीला लाव्ह्याच्या दोन थरांच्या मधल्या गाळात बेडकांची जीवाश्मं मिळालीत, म्हणजे बेसॉल्टच्या मुलखात काहीच नसतं असंही नाही.

काळ समजावणं हे सगळ्यात अवघड काम. कोटी म्हटलं की मुलांना पैसेच आठवतात. याला 46 मीटर दोरी आणि शाळेचं मैदान पुरतं. पृथ्वीचं वय साधारण 460 कोटी वर्षं, म्हणजे 1 मीटरला 10 कोटी. एका टोकाला पृथ्वीचा जन्म, दुसऱ्या टोकाला आज. मुलं चालत सुटतात आणि चालतच राहतात, जवळपास 40 मीटर होईपर्यंत डोळ्याला दिसेल असा एकही प्राणी नाही, हे पायाला कळलं पाहिजे. आजच्या टोकापासून मोजलं तर डायनासोर 2.3 मीटरवर येतात, 66 सेंटिमीटरवर संपतात. पाठीवर उभ्या पाट्या असलेला डायनासोर स्टेगोसॉरस दीड मीटरवर, टी-रेक्स 68 सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे टी-रेक्स स्टेगोसॉरसपेक्षा आपल्याला जवळचा! आपण माणसं शेवटच्या 3 मिलिमीटरमध्ये. माणूस आणि डायनासोर एकत्र राहायचे हा कार्टूनमधून आलेला गैरसमज इथं एका फटक्यात जातो, मॅमथ, म्हणजे केसाळ हत्ती, डायनासोर नाही हेही याच दोरीवर दाखवता येतं.

दुसरी अवघड वेळ येते पोरं दगड घेऊन येतात तेव्हा. विहिरीच्या नाहीतर खाणीच्या दगडाच्या भेगेत काळी, फांद्या फुटलेली नक्षी असते, अगदी नेच्याचं पान वाटावं अशी, आणि पोरगं म्हणतं, "बाई, फॉसिल सापडलं!" ती मँगनीजच्या क्षारांची नक्षी असते, भेगेत झिरपलेल्या पाण्यानं सोडलेली. पण लगेच नाही म्हणून त्याचं तोंड पाडू नये, हातात भिंग द्यावं. पानाला मधली शीर असते, शिरा ठराविक अंतरानं फुटतात, इथं तसं काही दिसतं का? आणि हा दगड लाव्ह्याचा की गाळाचा? उत्तर पोरानंच काढू दे. पोकळीत चमकणाऱ्या गारगोटीचंही तसंच, ते दात नव्हेत.

दहावीच्या विज्ञान भाग 2 मध्ये पहिल्याच धड्यात उत्क्रांती आणि कार्बन डेटिंग (अवशेषातल्या कार्बनवरून वय काढायची पद्धत) येतं, त्यावरून डायनासोरचं वयही कार्बननंच काढतात असं मुलांना वाटतं. ती पद्धत साधारण 50 हजार वर्षांपर्यंतच चालते. त्याच्या पुढं लाव्ह्याच्या आणि राखेच्या थरातल्या पोटॅशियमचा किती आर्गॉन झाला, युरेनियमचं किती शिसं झालं यावरून वय काढतात, म्हणजे पुन्हा आपला दगडच कामाला येतो. डायनासोर कशानं मेले याचंही एकच उत्तर घोकून घेऊ नये. मेक्सिकोत आदळलेल्या अशनीचं (अवकाशातून पडलेल्या प्रचंड दगडाचं) सुमारे 180 किलोमीटरचं विवर सापडलंय आणि मुख्य घाव त्याचाच असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात, पण आपल्या दख्खनच्या लाव्ह्यातून निघालेल्या वायूंचा त्यात वाटा किती यावर अजून वाद चालू आहे, आणि तो वाद मुलांपुढं तसाच ठेवावा.

सगळेच संपले नाहीत हेही सांगायचं, पक्षी हे डायनासोरच आहेत. दारातल्या कोंबडीचे खवल्यांचे पाय आणि पुढची तीन बोटं नीट बघायला लावावीत. रविवारी घरात कोंबडी शिजली तर छातीजवळचं इंग्रजी व्ही आकाराचं हाड धुऊन वर्गात आणायला सांगावं, तसलंच हाड टी-रेक्सलाही होतं.

खरी जीवाश्मं बघायला सहल काढायची तर रैयोलीचं डायनासोर उद्यान किंवा गडचिरोलीत सिरोंचाजवळचं वडधमचं जीवाश्म उद्यान आहे. लांब पडतं, पण जमलं तर न्यावं. तिथलं काही उचलून आणायचं नाही, शेजारी पेन ठेवून फोटो काढायचा म्हणजे मापही कळतं.