नकाशावर जुळतं, तारखेत फसतं

जगाचा नकाशा समोर आला की डोळे आपोआप कडा जुळवू लागतात. हौशी मंडळी तर अशा जुळणीवरूनच खंड, विवरं आणि ज्वालामुखी यांचे एकमेकांशी संबंध लावून मोकळी होतात. अब्राहम ऑर्टेलियस या नकाशाकाराने १५९६ मध्येच लिहून ठेवलं होतं की अमेरिका युरोप-आफ्रिकेपासून तुटून निघाली असावी. १८५८ मध्ये अंतोनियो स्नायडर-पेलेग्रिनीने दोन्ही किनारे चिकटवलेला नकाशा छापला आणि त्या ताटातुटीचं खापर नोहाच्या महापुरावर फोडलं.

पुढचं नाव आल्फ्रेड वेगेनरचं. हौशी मंडळी त्याला ढालीसारखा पुढे करतात: तोही हवामानशास्त्रज्ञ, म्हणजे भूविज्ञानात उपराच, आणि त्यालाही लोक हसलेच होते! खरं आहे, पण अर्धंच. १९१२ मध्ये खंडवहनाची, म्हणजे खंड सरकत असल्याची, कल्पना मांडणारा वेगेनर कडा जुळवून थांबला नाही. फाटलेल्या वर्तमानपत्राचे तुकडे जोडल्यावर छापील ओळीही सलग वाचता आल्या पाहिजेत, असा त्याचा दाखला होता. डोंगररांगा, खडकांचे थर, ग्लॉसोप्टेरिस वनस्पतीचे जीवाश्म या त्याच्या ओळी. तरीही खंड सरकवणारं बल त्याला दाखवता आलं नाही. १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात तो गेला. सागरतळ पसरतो हे दाखवणारे तिथल्या खडकांतले चुंबकीय पट्टे उलगडले आणि १९६०च्या दशकात त्याचं म्हणणं, बरंच बदललेल्या रूपात, मान्य झालं.

हौशी मंडळींच्या आजच्या तर्कांना मात्र खरी फोडणी मिळाली ती बुधावरून. १९७४ मध्ये मरीनर-१० यानाने तिथल्या कॅलोरिस या प्रचंड आघात-खोऱ्याची, म्हणजे अवकाशातून काहीतरी आदळून झालेल्या खोऱ्याची, छायाचित्रं घेतली. त्याच्या बरोबर विरुद्ध बाजूची जमीन विचित्र खिळखिळी, उंचसखल दिसली. आघाताच्या कंपनलहरी ग्रहाला वळसा घालून पलीकडे एकवटल्या असाव्यात, असं पीटर शुल्ट्झ आणि डोनाल्ड गॉल्ट यांनी १९७५ मध्ये मांडलं. झालं! मग पृथ्वीच्या गोलातही विवरातून सुई आरपार घालून ती पलीकडे कुठे निघते हे पाहणं सुरू झालं. मेक्सिकोतलं चिक्शुलूब हे आघाताचं विवर सुमारे १८० किलोमीटर व्यासाचं, ६.६ कोटी वर्षांपूर्वीचं. दख्खनचा लाव्हाही साधारण त्याच काळातला. मोह पडावा असंच जुळतं. पण सुई घालायची ती तेव्हाच्या पृथ्वीत, आजच्या नव्हे. तेव्हा भारत दक्षिण गोलार्धात होता आणि तरीही विरुद्ध बिंदूपासून हजारो किलोमीटर दूर. शिवाय लाव्हा वाहू लागला होता आघाताच्या आधीच. आघाताच्या हादऱ्यांनी चालू उद्रेकाला जोर चढला का, हा वेगळा प्रश्न. मार्क रिचर्ड्स आणि सहकाऱ्यांनी तो २०१५ मध्ये मांडला आणि त्यावर वाद चालू आहे.

अशा मोहात फक्त हौशीच सापडतात असंही नाही. १९९४ मध्ये शूमेकर-लेव्ही ९ धूमकेतूचे तुकडे एकामागोमाग गुरूवर आदळताना जगाने पाहिले. त्यानंतर चारच वर्षांनी तीन संशोधकांनी फ्रान्स, कॅनडा, युक्रेन आणि अमेरिकेतली पाच विवरं एकाच माळेतली, म्हणजे अशाच तुकड्यांच्या एकामागोमाग आघातांतून झालेली, ठरवली. खंड जुन्या जागी सरकवून पाहिले तर त्यातली तीन एकाच अक्षांशावर येत होती. पुढे कालमापन सुधारलं: कॅनडातलं मॅनिक्वागन सुमारे २१.५ कोटी वर्षं जुनं, तिथलंच सेंट मार्टिन २२.८ कोटींच्या आसपास, फ्रान्समधलं रोशशुआर २०.७ कोटींच्या आसपास. एका माळेचे मणी एक-एक कोटी वर्षांच्या अंतराने पडत नाहीत.

कॅनडातल्या हडसन उपसागराच्या किनाऱ्याची कंपासने काढल्यासारखी कमानही विवराची कड म्हणून अजून कुणाच्या ना कुणाच्या यादीत असतेच. रॉबर्ट डिट्झ आणि पॉल बॅरिंजर यांनी १९७२ मध्ये तिथे जाऊन खडक तपासले. आघाताची एकही खूण मिळाली नाही.

२००५ मध्ये गूगल अर्थ आलं आणि हा शोध घरच्या खुर्चीत बसून करता येऊ लागला. त्यातून खरंखुरं घबाडही लागलं. २००८ मध्ये व्हिन्चेन्झो दे मिकेले या इटालियन अभ्यासकाला उपग्रहचित्रात इजिप्तच्या वाळवंटातला जेमतेम ४५ मीटरचा खळगा दिसला, तेच कामिल विवर. त्याला दुसऱ्या कशाशी जोडण्याआधी माणसं तिथे पोहोचली आणि २०१० मध्ये त्यांनी वाळूतून लोखंडी अशनीचे हजारो तुकडे वेचले.