एक्स्पोर्टगणिक विटणारं चित्र

जळगाव-धुळ्याकडे व्हिडिओ एडिटिंगला जुनी माणसं अजून 'मिक्सिंग'च म्हणतात. शब्द व्हीएचएसच्या काळातला. दोन व्हीसीआर, मधे मिक्सर आणि एका कॅसेटवरून दुसरीवर उतरवलेलं लग्न. दर उतरवणीला चित्र थोडं विटायचं. शूटिंगची कॅसेट ही पहिली पिढी, मिक्सिंग झालेली दुसरी, नातेवाइकांना वाटलेली कॉपी तिसरी. त्या तिसरीत नवरीच्या शालूचा लाल रंग काठाबाहेर पसरलेला असे. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखंच ते.

1995 साली डीव्ही हा डिजिटल टेपचा फॉरमॅट आला आणि हा रोग बराचसा गेला. फायरवायरच्या केबलमधून टेपवरचे आकडे जसेच्या तसे कॉम्प्युटरवर यायचे. तासाला साधारण 13 जीबी. नुसता कट मारला तर चित्राला धक्काही लागत नसे. आपल्याकडच्या लग्नाच्या स्टुडिओंना खरा हात दिला तो या फॉरमॅटने, असं मला ठामपणे वाटतं.

पण लोकांना नुसते कट नको होते. अहिराणी गाण्यांच्या व्हीसीडी खपू लागल्या, तशी हिरव्या पडद्यापुढे नाचणाऱ्या जोडीमागे डोंगर, धबधबा हवा झाला. त्यासाठी क्लिप एडिटिंगमधून काढून आफ्टर इफेक्ट्स या इफेक्ट्सच्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायची. हे सॉफ्टवेअर 1993 चं, अडोबीकडे 1994 मध्ये आलं. नुकसान व्हायचं ते या ने-आणीत. एकतर आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीत चार पिक्सेलमागे रंगाची नोंद एकच. त्यामुळे हिरवा काढला की केसांच्या बटांभोवती हिरवट, पायऱ्यापायऱ्यांची झालर राहते. तीच क्लिप आणखी दाबून परत आणली की झालर जाड होते. शिवाय एक फ्रेम दोन फील्डची, म्हणजे एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांची. डीव्हीत खालची फील्ड आधी, एचडीत वरची. सेटिंग चुकलं की नाचणारी थरथरायला लागते. हे मी माझ्याच टेबलावर पाहिलंय, आणि दोष कॅमेऱ्याला देऊन मोकळा झालोय.

मोठ्या स्टुडिओंनी वाट काढली ती मधल्या, म्हणजे या ने-आणीपुरत्या फॉरमॅटची. न दाबलेल्या 8 बिट फुल एचडीची एक फ्रेम सुमारे 6.2 एमबी, म्हणजे मिनिटाला 9 जीबीच्या वर. एवढी हार्डडिस्क कुणाकडे असणार? म्हणून एडिटिंग सॉफ्टवेअर बनवणाऱ्या अव्हिडने 2004 मध्ये डीएनएक्सएचडी आणला, अ‍ॅपलने 2007 मध्ये प्रोरेस. यांत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवली जाते, त्यामुळे पुन्हा रेंडर केलं, म्हणजे नवी फाइल काढली, तरी डोळ्याला फरक जवळजवळ दिसत नाही. प्रोरेस 4444 मध्ये पारदर्शकताही सोबत जाते. इफेक्ट्सच्या जगात याआधीच, 2003 मध्ये, ओपनईएक्सआर हा फॉरमॅट सगळ्यांसाठी खुला झाला होता. फ्रेमागणिक एक फाइल. आपल्याकडे एडियस या एडिटिंग सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांना कॅनोपस एचक्यू हा मधला फॉरमॅट हाताशी होता, पण फाइल मोठी होते म्हणून अनेकांनी तो टाळला आणि एच.264 लाच मधला मुक्काम केलं. एच.264 हा शेवटी गिऱ्हाइकाला द्यायचा फॉरमॅट. तो बहुतेक फ्रेम शेजारच्या फ्रेमवरून अंदाजाने बांधतो. त्याच्या तीन फेऱ्या झाल्या की रावेरच्या केळीच्या बागेवरचं संध्याकाळचं आकाश पट्ट्यापट्ट्यांचं होतं.

2006 मध्ये अडोबीने डायनॅमिक लिंक दिली. मधला एक्स्पोर्टच नको, आफ्टर इफेक्ट्समधलं कॉम्प, म्हणजे थर रचून केलेलं दृश्य, थेट प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर. त्याच वर्षी आफ्टर इफेक्ट्सला रंगाच्या बारीक नोंदीसाठी 32 बिटची सोयही आली. 2018 मध्ये दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरने फ्यूजन हे इफेक्ट्सचं सॉफ्टवेअर पोटातच घेतलं, म्हणजे क्लिप बाहेर जायचंच कारण उरलं नाही. विंडोजवर अडोबीतून प्रोरेस काढता येऊ लागलं तेही 2018 मध्येच.

व्हीसीडीच्या दिवसांतल्या गाण्यांना मात्र यातलं काही मिळालं नाही. कॅसेट महाग, म्हणून काम संपलं की त्याच मास्टरवर पुढचं लग्न शूट व्हायचं. त्या गाण्यांचं आता उरलंय ते 352 बाय 288 चं चित्र. कानबाई या खानदेशी देवीच्या उत्सवाच्या दिवसांत मोबाइलवर ती लागतात, तेव्हा नाचणाऱ्यांचे चेहरे ओळखू येत नाहीत.