रक्तातच आहे, असं म्हणण्याआधी : तंबाखू आणि जीनचा जुना वाद

सोलापूरच्या पूर्व भागात बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात, तेंदूचं पान, त्यात तंबाखू, वर दोरा, दिवसभर हेच, आणि तिथंच कुणाला कॅन्सर निघाला की गल्लीत हमखास ऐकू येतं, "त्याच्या बापालाही झालता, रक्तातच आहे त्यांच्या." यात थोडं खरं आहे, पण याच बोलण्याचा आडोसा मोठमोठ्यांनी घेतलाय.

1950 ला इंग्लंडमध्ये डॉल आणि हिल या संशोधकांनी सिगारेट आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरचा संबंध दाखवला. त्यावर रोनाल्ड फिशर, म्हणजे आधुनिक स्टॅटिस्टिक्सचा पाया घालणारा माणूस, 1958 च्या सुमारास म्हणाला की धुराला दोष कशाला, एखादा जीनच, म्हणजे आईबापांकडून रक्तात आलेला जनुकच, असेल जो सिगारेटही ओढायला लावतो आणि कॅन्सरही देतो. पुरावा म्हणून त्याने जुळ्यांची माहिती दिली, दिसायला एकसारख्या जुळ्यांच्या सिगारेटच्या सवयी जास्त जुळतात, आणि ते बरोबरच होतं. पण तेव्हा तो तंबाखू कंपन्यांच्या कमिटीचा सल्लागार होता हेही तितकंच खरं, आणि मला हे फार लागतं, कारण एवढ्या हुशार माणसाचं नाव कंपन्यांना आयतं मिळालं.

मग 1973 ला डेन्मार्कचा अभ्यास आला, तंबाखूचा नाही, दारूचा, पण प्रश्न तोच, व्यसन रक्तातून येतं का. आई किंवा बाप दारुडा असलेली मुलं लहानपणीच दत्तक गेली, दुसऱ्याच घरात वाढली, तरी त्यांच्यात दारूचं व्यसन इतर दत्तक मुलांपेक्षा साधारण चौपट. 1990 ला 'दारूचा जीन' सापडला म्हणून गाजावाजा झाला, तो काही टिकला नाही.

खरी गंमत 2008 ची. संशोधकांच्या तीन टीमना 15 व्या क्रोमोसोमवर, म्हणजे जीन ज्यावर असतात त्या धाग्यावर, एकच जागा सापडली, तंबाखूतलं निकोटिन मेंदूतल्या पेशींवर ज्या रिसेप्टरला चिकटतं त्याचे जीन तिथं आहेत. त्यातला एक बदल असलेली माणसं जास्त सिगारेट ओढतात आणि त्यांना कॅन्सरही जास्त होतो, पण ज्यांनी कधी सिगारेट ओढलीच नाही त्यांच्यात मात्र तो धोका स्पष्ट दिसत नाही. म्हणजे फिशर म्हणत होता तसा जीन आहे, पण त्याचं बरंचसं काम धुरातूनच होतं.

2019 ला 12 लाख लोकांच्या डेटातून सिगारेट-दारूशी जोडलेले जीन्समधले, म्हणजे जनुकांमधले, पाचशेच्या वर बदल निघाले, एकेकाचा परिणाम अगदी थोडा, आणि ते लोक युरोपियन वंशाचे. मशेरी लावणारी आजी, जर्दा खाणारा मिल कामगार, दिवसभर तंबाखूत हात घालून बसलेली विडी कामगार बाई, यांचा हिशोब त्यात नाहीच.