टेबल टॅग बाद झालेला नाही!

"टेबल टॅग आता बंद झालाय, वापरायचाच नाही" हे वर्षानुवर्षं वेबपानं बनवायला शिकणाऱ्या नवीन मुलांना सांगितलं जातं, आणि ते सरळ चुकीचं आहे. टेबल, म्हणजे तक्ता बनवायचा टॅग, आजही एचटीएमएलमध्ये (वेबपान लिहायच्या भाषेत) आहे आणि राहणार आहे. चूक काय होती, तर त्याचा वापर पानाची मांडणी करायला व्हायचा. १९९० च्या दशकात ब्राउझरमध्ये सीएसएसचा (पानाचं रूप आणि मांडणी ठरवणाऱ्या भाषेचा) सपोर्ट इतका कच्चा होता की फोटो डावीकडे, मजकूर उजवीकडे एवढ्यासाठी सुद्धा टेबल घ्यायचं, त्यात अजून एक टेबल, आणि जागा सोडायला एक पिक्सेलची पारदर्शक जीआयएफ चित्र. १९९९ च्या एचटीएमएल ४.०१ मध्येच लिहिलंय की निव्वळ मांडणीसाठी टेबल नको. आता मांडणीसाठी सीएसएसमध्येच फ्लेक्सबॉक्स आहे, २०१७ पासून ग्रिड आहे, मग त्यासाठी टेबल कशाला!

पण याच भीतीने लोक खरा तक्ता सुद्धा डिव्हमध्ये (स्वतःचा काही अर्थ नसलेल्या साध्या डब्यात) करतात ना, ते मला फार खटकतं. परीक्षेच्या निकालाचा तक्ता घ्या. नीट टीएच (शीर्षकाच्या घराचा टॅग) लावून टेबल केलं तर स्क्रीन रीडर (पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) '७२' वाचताना "गणित" हा रकाना पण सांगतो, डिव्ह वापरले तर दृष्टिहीन माणसाला नुसते आकडे ऐकू येतात, कुठला कशाचा काही कळत नाही.

आणि हो, ईमेलमध्ये मांडणीला टेबल अजून लागतं, कारण विंडोजचं जुनं आउटलुक २००७ पासून वर्डच्या इंजिनवर मेल दाखवतं, आणि त्याला फ्लेक्सबॉक्स, ग्रिड कळत नाही. तिथे टेबल टॅगला रोल प्रेझेंटेशन (role="presentation") द्यायला विसरू नका, म्हणजे स्क्रीन रीडर त्याला तक्ता समजत नाही.